तिसऱ्या खुंटीवरचा मासा

अफवांचा मला मनस्वी तिटकारा आहे. चाकणला नोकरी करणाऱ्या माणसाला तो असावाच लागतो, नाहीतर त्याचं डोकं फिरेल. आमची कंपनी दर मार्चमध्ये दुसऱ्या राज्यात जाते, दर पावसाळ्यात बंद पडते आणि दिवाळी आली की तिला कोणीतरी जपानी माणूस विकत घेतो. प्रत्यक्षात ती म्हाळुंग्याच्या अलीकडे जिथे होती तिथेच आहे आणि मुकाट्याने गाड्यांचे बंपर ओतते आहे. त्यामुळे ‘सॉल्टगेट कायमचा बंद होणार’ असा मेसेज ग्रुपवर पहिल्यांदा आला तेव्हा मी उत्तरादाखल एकच शब्द पाठवला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सॉल्टगेट हा खेळ आहे आणि तो ग्रुप तो खेळणाऱ्यांचा. गेली वीसेक वर्षं त्याचे भाग येताहेत, सध्या सातवा चालू आहे. पहिला भाग मी शाळेत असताना बीडच्या एका कॅफेत खेळलो होतो, तेव्हा माझ्या मिशा फुटायच्या होत्या. आता तो मोबाईलवर येतो. आपल्याकडची मंडळी त्याला सॉल्टगेट म्हणत नाहीत, मिठागर म्हणतात.

मिठागर म्हणजे समुद्रकाठचं एक गाव. तिथे बारा महिने धुकं. प्रत्येक खेळाडूला एक घर मिळतं आणि घरात एक दिवा. दिव्यात तेल आहे तोवर सगळं ठीक. तेल संपत आलं की समुद्रात बुडालेली माणसं धुक्यातून वर येतात आणि दार वाजवतात. कडी आतून आपल्या हातात असते. तेल घातलं, दिवा मोठा झाला, की ती निघून जातात. दार उघडलं तर बुडालेला आत येतो, दिवा विझवतो आणि घर कायमचं समुद्राचं होतं. मग कितीही डोकं आपटा, ते परत मिळत नाही. हाणामारी नाही, बंदुका नाहीत. नवी पोरं दोन दिवसांत कंटाळून सोडून देतात.

आम्ही तिघे कंटाळलो नाही, कारण आम्ही कामावर तेच करत होतो. मी, अय्याज आणि बंटी एकाच मशीनवर होतो, तीन पाळ्यांमध्ये. प्लॅस्टिक ओतायचं मशीन थांबवता येत नाही. थांबलं की आतलं प्लॅस्टिक गोठतं आणि ते काढता काढता जीव जातो. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे: आपला रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. बंटीला मी सोडवायचो, मला अय्याज सोडवायचा, अय्याजला बंटी. पाळ्या दर आठवड्याला फिरायच्या, क्रम तोच राहायचा. तिघांची मैत्री काय ती पाळी बदलतानाच्या दहा मिनिटांत झालेली. तिघे एका टेबलाशी बसून चहा प्यायलोय असं गुरुवारची सुट्टी सोडली तर कधी घडलं नाही.

मिठागरमध्ये तिघांनी मिळून एकच घर घेतलं, ही कल्पना बंटीची. त्याने घराचं नाव ‘तिसरी पाळी’ ठेवलं. कामावरून घरी पोचलं की लगेच मोबाईल उघडायचा, दिव्यात तेल घालायचं आणि दाराशेजारच्या आपल्या खुंटीवर एक मासा लटकवायचा. खुंट्या तीन, माणसं तीन. मासा लागला म्हणजे गडी घरी पोचला, दिवा त्याने हातात घेतला, आधीच्याने आता झोपावं. मासा दिवसभरात सडून नाहीसा होतो, दुसऱ्या दिवशी नवा लावायचा. घरी पोचल्याशिवाय लावायचा नाही, हे बंटीने आम्हाला देवाची शपथ घालून सांगितलं होतं. कंपनीच्या ओळखपत्रावर त्याचं नाव चिमाजी होतं, आजोबांचं. कोणी त्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही बघायचा नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बंटी गेला. पहिली पाळी करून घरी, देहूरोडला निघाला होता. सुपरवायझरने नव्या साच्याची ट्रायल आहे म्हणून त्याला उशिरापर्यंत थांबवून घेतलं. मी तीनला मशीनवर आलो तेव्हा तो मला म्हणाला, “साच्याच्या तिसऱ्या खान्यात कडा सुटताहेत, लक्ष ठेव.” त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं म्हणजे बंपरच्या कडा. चहाच्या सुट्टीत मी मोबाईल उघडला, तर त्याच्या खुंटीवर ताजा मासा होता. पोचला म्हणायचं, असं मनाशी म्हणून मी वडापाव खाल्ला. थोड्या वेळाने सुपरवायझर स्वतः मशीनजवळ आला. बंटीला तळवड्याच्या अलीकडे कंटेनरने उडवलं होतं. तो घरी पोचलाच नव्हता.

त्या माशाबद्दल मी आणि अय्याज एकदाच बोललो, दहाव्याला, घाटावर. रस्त्यात कुठेतरी टपरीवर थांबून लावला असेल, असं अय्याज म्हणाला. मीही मान हलवली. शपथ घालणारा माणूस स्वतः रस्त्यात मासा लावणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण घाटावर असल्या गोष्टी ताणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून मी मोशीला खोलीवर आलो, तेल घातलं, माझा मासा लावला. अय्याजचा आधीच होता. बंटीच्या खुंटीकडे मी बघणार नव्हतो, पण डोळा गेलाच. रिकामी होती. मी भाजी चिरायला घेतली. पुन्हा मोबाईल उचलला तेव्हा तिसऱ्या खुंटीवर मासा होता. ओला, डोळे उघडे असलेला, खेळात ताजा मासा दिसतो तसाच.

मला वाटलं, हे अय्याजचं काम. त्याला सहन होत नसेल. मी काही विचारलं नाही. त्यानंतर तो मासा रोज लागत राहिला. कधी आमच्या आधी लागला नाही, नेहमी दोघांचे लागल्यावर. मशीनवर बंटीच्या जागी ज्योतीराम नावाचा नवा माणूस आला, चांगला आहे, वेळेवर येतो. पण माझ्या मनाचा रिलीव्हर बंटीच राहिला. घरी आल्यावर त्याचा मासा दिसेपर्यंत मला जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, मोबाईल खाली ठेवा. तिला काय सांगणार, की पोचतोय तो अजून.

आणखी एक गोष्ट होती. मिठागरमध्ये बुडालेल्यांनी दार वाजवलं की दारावर ओल्या हाताचे ठसे उमटतात. आम्ही तिघे असताना ठसे क्वचित दिसायचे, कारण आमचा दिवा कधी बारीक व्हायचाच नाही. बंटी गेल्यावर दार ठशांनी भरून गेलं. कोणीतरी रोज येऊन बराच वेळ दार वाजवत होतं, आणि आत कोणीतरी तेल न घालता ते ऐकत होतं. मी त्या खेळाचा आवाज बंद करून टाकला. भीती वाटत होती असं सरळच सांगतो. दार वाजवणारा आमच्या ओळखीचा असला तर काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

अशात या अफवा सुरू झाल्या. आठवड्याभरात त्यांना धुमारे फुटले. कंपनी विकली गेली. कंपनी विकली नाही, मालकाने संन्यास घेतला. आठवा भाग येणार पण त्यात समुद्र नसणार. आठवा भाग येणार आणि तो कोकणात घडणार. हे सांगणारा गृहस्थ रत्नागिरीचा होता. कोणीतरी परदेशातल्या ऑफिसचा फोटो टाकला, दारावरची पाटी काढलेली. मी तो फोटो शोधून काढला, तो एका दवाखान्याचा होता. ग्रुपवर मला ‘पंचनामा’ म्हणतात ते उगाच नाही. अफवा आली की लोक तिच्याखाली माझं नाव लिहून मोकळे होतात: पंचनामा, बघ रे खरं का.

मी बघायचो. एकेक अफवा सोलून ग्रुपवर ठेवायचो आणि तोंडाला येईल ते बोलायचो. लोकांना वाटायचं, याला खोट्याची चीड आहे. चीड होतीच, पण तिच्या खाली भीतीच होती. मिठागर बंद झालं तर तिसरी खुंटी जाणार. मग बंटी कुठे पोचणार?

एका गुरुवारी अय्याजने मला भोसरीला बोलावलं. लांडेवाडीत त्याच्या चुलत्याचं, युनूसभाईंचं, गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. सुट्टीच्या दिवशी अय्याज तिथे हात काळे करायला जातो. मी गेलो तेव्हा तो एका स्कूटीचं चाक काढून बसला होता.

“नवीन बातमी आहे भावा,” तो म्हणाला. “जुनी घरं आठव्या भागात नेणार आहेत. पण ज्यांनी आपला नंबर पक्का करून घेतलाय त्यांचीच. बाकीची समुद्रात.”

“कोणी सांगितलं?”

“ग्रुपवर आलंय.”

“ग्रुपवर उद्या तुझं लग्न जमल्याचं येईल.”

“माझं झालंय राव. साबियाला सांगतो तू काय म्हणालास ते.” तो हसला, मग फडक्याला हात पुसत गंभीर झाला. “खरं असो, खोटं असो, आपलं काय जातंय? घर बंटीच्या मोबाईल नंबरवर आहे. तो बदलून तुझा घालू. घर वाचलं तर वाचलं.”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी पायाने स्टूल ओढलं आणि बसलो.

“फक्त एक आहे,” अय्याज आवाज खाली आणून म्हणाला. “आता लपवाछपवी नको. बंटीचा मासा तू नेमका कधी लावतोस ते सांग. नंबर बदलताना दोघांनी एकदम काही दाबलं असं व्हायला नको.”

“मासा तू लावतोस,” मी म्हणालो.

“मी?”

“मग कोण?”

“कसम से भावा, मी नाही. मला वाटलं तू लावतोस. तुला सहन होत नाही म्हणून मी कधी विचारलं नाही.”

युनूसभाईंनी तेवढ्यात हवेचा पंप सुरू केला. इतके महिने दोघे त्या माशाच्या भरवशावर जेवलो होतो, आणि लावणारा दोघांपैकी कोणीच नव्हता.

पंप बंद झाल्यावर अय्याजने मोबाईल काढला. “नंबर बदलायचं बटण दाबतो,” तो म्हणाला. “आधी जुन्या नंबरवर ओटीपी जातो. जातोय का बघू. नंबर बंद असेल तर जाणारच नाही.”

त्याने दाबलं. ओटीपी पाठवल्याचं पडद्यावर आलं. पाठवला म्हणजे मिळाला असं नाही, हे मी त्याला समजावून सांगत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं: बंटी. खाली त्याचा फोटो, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काढलेला, तोंडात समोसा.

मी तो नंबर कधी काढून टाकला नव्हता. फोन माझ्या हातात वाजत राहिला. तो वाजायचा थांबला. पुन्हा सुरू झाला. अय्याजने काहीतरी पुटपुटत तो माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग बाईचा आवाज.

“ज्ञानेश का? मी बंटीची आई बोलते. मोबाईलवर आकडं आल्यात. कुनाला देऊ नका म्हनून खाली लिवलंय, शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. तुमचं हायेत का?”

मी कसाबसा हो म्हणालो.

“मंग येऊन घेऊन जा. फोनवर न्हाई सांगायची मी.” आणि त्यांनी फोन ठेवला.

अय्याजच्या गाडीवर आम्ही निगडी ओलांडली. मला हायसं वाटायला हवं होतं. भूत नव्हतं, बंटीची आई, सोजराबाई होत्या. पण वर्षभर मी ज्याची वाट बघत जेवत होतो तो बंटी नव्हता, हे मला त्या रस्त्यावर हळूहळू कळत होतं.

सोजराबाई विकासनगरमध्ये दोन खोल्यांत राहतात. नवरा दारूगोळा कारखान्यात होता, तो कधीच वारला. भिंतीवर दोघा बाप-लेकांचे फोटो शेजारी शेजारी आहेत. फोटोखाली फडताळात बंटीचा जुना मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केलेला, चार्जरला लावलेला; अपघातानंतर त्याचं सिम त्यांनी त्यातच घालून घेतलं होतं. काच कोपऱ्यात तडकलेली. पडद्यावर आमचं घर होतं. दिवा बारीक झाला होता आणि दारावर ठसेच ठसे होते.

त्यांनी आम्हाला बसवलं, चहा टाकला. मी फडताळाकडे बघतोय हे त्यांनी बघितलं.

“त्यानंच शिकवलं,” त्या म्हणाल्या. “ओवरटाईम आसला की फोन करायचा, आई, तेवडं तेल घाल. मला काय त्यातलं कळतंय? तेल घालायचं, मासा लावायचा, यवडं येतंय.”

“मावशी,” अय्याजने विचारलं, “त्या दिवशीचा मासा...”

“मीच लावला.” त्या खाली बसल्या. पदर दोन्ही मुठीत धरला. “त्याचा फोन आला. आई, निघालो म्हनला. आज लई उशीर झालाय, अय्याज जागा बसला आसंल, त्येला रातपाळीला जायचंय. तू मासा लाव म्हंजी तो झोपंल, मी यीतोच हाय. तुमचा नेम मला ठावं हुता. घरी पोचल्याबिगर लावायचा न्हाई. तरी लावला मी. पोचायच्या आदी लावला.”

“मी तो मासा बघूनच झोपलो होतो,” अय्याज म्हणाला.

“तू झोपावं म्हनूनच लावला रं बाळा.”

चहा उतू गेला. मी उठून गॅस बंद केला, कारण त्यांना उठायचं भान नव्हतं. परत येऊन बसलो तेव्हा त्या स्वतःहून पुढचं सांगायला लागल्या. दहावा झाला, पाव्हणे गेले, घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईल उघडला तर आमचे दोन मासे दिसले. म्हणजे ही दोन पोरं तरी पोचली, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी भाकरी खाल्ली.

“तवापास्न रोज बघते. तुमचं दोगांचं लागलं की मंग त्याचं लावते. तुमच्या आदी न्हाई लावायचं, आसं ठरवलंय मी. एकदा चुकले ते बास झालं.”

मी तिथे त्यांच्यासमोर रडलो. लाजही वाटली नाही. आम्ही बंटी पोचण्याची वाट बघत होतो आणि त्या आमची.

थोड्या वेळाने मी विचारलं, “आणि मावशी, दारावर हे इतके हात?”

त्यांनी फडताळातला मोबाईल उचलून मांडीवर घेतला. “दिवा बारीक झाला की ते वाजवायला येतं. बंटीनं सांगितलं हुतं, बुडाल्याली मानसं हायेत ती, आपापल्या घरी यायला बगत्यात. मी तेल लगीच घालत न्हाई. वाजवू देते. मी त्येला म्हनते, थांब जरा. पोरं पोचू दे. मंग बगू.”

“उघडलं नाही कधी?”

“तुमचं घर हाय ते. तुमाला इच्यारल्याबिगर कसं उघडू?” त्या माझ्याकडे बघायला लागल्या. “आता ते बंद पडनार म्हनत्यात. शेजारच्या पोरीच्या भावाच्या मोबाईलवर आलंय. बंटी म्हनायचा, ज्ञानेशला खरंखोटं बराबर कळतं. तू सांग. बंद पडनार हाय का?”

असे प्रश्न मला रोज शेकड्याने येतात आणि मी त्यांची चिरफाड करतो. या प्रश्नाचंही उत्तर तयार होतं. सगळं खोटं आहे मावशी, एवढं म्हटलं की झालं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. तेल घातलं असतं, दार बंद राहिलं असतं, आणि तिसऱ्या खुंटीवर रोज मासा लागला असता. लावणारं कोण हे माहीत असूनही मला तो हवा होता. शिवाय दार उघडल्यावर काय येतं ते मी दुसऱ्यांच्या घरात पाहिलं होतं. राखाडी, निथळणारं, तोंड नसलेलं एक माणूस. सगळ्यांच्या घरी तेच येतं. खेळ बनवणाऱ्याने एकच बनवलंय. ते त्यांनी बघावं असं मला वाटत नव्हतं.

पण हीच बाई एका खोट्या माशापायी वर्षभर स्वतःला कोसत होती. तिच्यापुढे मला आणखी एक खोटं लटकवता येईना.

“मला माहीत नाही मावशी,” मी म्हणालो. “उद्या बंद पडेल, नाहीतर कधीच पडणार नाही. खरं कोणालाच माहीत नाही.”

त्यांनी मान हलवली. त्यांना बहुतेक असंच उत्तर हवं होतं. “मंग आजच उघडते,” त्या म्हणाल्या. “आज तुमी दोगं हितंच हाय, डोळ्यांम्होरं. आज मला कुनाची वाट बगायची न्हाई. पर घर जाईल तुमचं. चालंल का?”

अय्याज घर वाचवायला निघाला होता. “चालेल,” तोच आधी म्हणाला.

मग दोघे माझ्याकडे बघत राहिले. बंटीने ते घर घेतलं तेव्हा आम्ही तिघांनी एकदम बटण दाबलं होतं, पाळी बदलताना, तिसऱ्यालाही मुद्दाम थांबवून, मशीनच्या शेजारी उभं राहून, त्याला ते तसंच हवं होतं म्हणून. मी त्यांच्या मांडीवरच्या मोबाईलकडे बघितलं. मग मान हलवली.

चहा तसाच पातेल्यात राहिला. आम्ही तिघे त्या मोबाईलभोवती बसलो, दिवा आणखी बारीक व्हायची वाट बघत. बाहेर कोणीतरी पोरांना हाका मारत होतं, मिलिटरीचा ट्रक गेला, भांडी हलली. मग दार वाजलं. एवढे महिने मी आवाज बंद करून खेळलो होतो. मला वाटलं होतं तसा तो आवाज भयंकर नव्हता. हळू होता. किल्ली विसरलेला माणूस शेजारी जागे होऊ नयेत म्हणून वाजवतो, तसा.

सोजराबाईंनी हात पदराला पुसला आणि बोटाने कडी सरकवली.

दार उघडलं. धुकं आत आलं आणि उंबऱ्यात तो उभा राहिला. राखाडी, निथळणारा, तोंड नसलेला. अय्याजने मान फिरवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आता या कोसळणार, मग यांना सावरायचं कसं. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ नीट निरखून बघितलं.

“ह्यो न्हाई,” त्या म्हणाल्या.

तो उंबरा ओलांडून आत आला, जमिनीवर पाणी सांडत. त्या बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला.

“दुसऱ्या कुना बाईचं लेकरू दिसतंय. कवापास्न वाजवत हुतं बिचारं, आन् मी आपली थांब म्हनत बसले.” त्यांनी मोबाईलच्या तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. “ये बाबा, ये आत. पोचलास.”